चित्र फडफडतंय

डिजिटल टेलिव्हिजन नवं होतं तेव्हा त्याचा एक गुण हमखास सांगितला जायचा: यात चित्र एकतर स्वच्छ दिसतं, नाहीतर अजिबात दिसत नाही. मधलं काही नाही. हे ज्यांनी ठरवलं ते जव्हार-मोखाड्याकडे कधी मुक्कामाला आले नसावेत. इकडे सगळा कारभार मधल्या अवस्थेतच चालतो. जीप उभी असते, इंजिन चालू असतं, ड्रायव्हर 'चला चला' म्हणून ओरडत असतो, आणि तरी ती निघालेली नसते. शेवटच्या माणसाला मागच्या दाराला लटकायला जागा मिळाली की निघते. मोबाइलवर रेंजच्या दोन काठ्या असतात आणि फोन लागत नाही. वीज असते, पण फिरत्या पंख्याची पाती मोजता येतात. अशा माणसांना कोणी 'आहे किंवा नाही' असं छातीठोक सांगितलं की ती मान डोलवतात आणि वाट बघतात. आम्हीही बघितली. डिजिटल चित्र आलं, ते फडफडत आलं.

जुन्या टीव्हीचे आजार निदान ओळखीचे होते. मुंग्या आल्या म्हणजे अँटेना फिरवायचा. माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली बोलायला लागली म्हणजे लाट समोरच्या डोंगरावर आपटून पुन्हा येतेय, हे आम्हाला भौतिकशास्त्र न शिकता कळायचं. चित्र खालून वर धावायला लागलं की मागची एक गुंडी पिळायची. आणि काहीच कळेनासं झालं की टीव्हीच्या उजव्या अंगाला चापट. ही चापट अंधश्रद्धेत मोडत नव्हती; आतला सुटलेला टाका तिने खरंच जागेवर बसायचा. संगणकाला मात्र चापट मारता येत नाही. म्हणजे मारता येते, पण त्यानंतर चित्राचा प्रश्न उरत नाही.

आता संगणकावर टीव्ही कशाला, हे सांगायला हवं.

आमच्या वावर गावाचं नाव राज्यभर झालं ते १९९२ साली, शेजारच्या वांगणीशी जोडून, 'वावर-वांगणी' असं. कारण फार वाईट होतं. कुपोषणाने लहान मुलं दगावली होती. त्यावर विनोद करायचा नसतो आणि करणारही नाही. पण तेव्हापासून बाहेरून आलेल्या वस्तूंची आम्हाला सवय झाली एवढं खरं. योजना येतात, गाड्या येतात, फ्लेक्स येतात. गावात नवीन काही उतरलं की लोक आधी विचारतात, 'हे कशाला?' आणि मग, 'परत कधी नेणार?' आमचा संगणक मात्र आम्ही स्वतःच्या पैशाने, जुना, नाशिकहून आणला होता. २०२० साल होतं, शाळा बंद होत्या आणि शिक्षण ऑनलाइन झालं होतं. मुलीच्या शाळेसाठी संगणक आला, टेबल आलं, टेबलावर माझ्या आईने विणलेला रुमाल आला. फक्त रेंज आली नाही. ती मुळापासूनच टेकडीवर राहते, खाली उतरत नाही. संगणक टेकडीवर नेणं शक्य नव्हतं, तेव्हा मुलगी फोन घेऊन टेकडीवर शिकली आणि संगणक खाली रुमालाखाली बसून राहिला. पुढे शाळा उघडल्या, त्याच सुमारास आमचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही निवर्तला, आणि कोणीतरी म्हणालं की संगणकात एक कार्ड बसवलं की डिशची तार थेट त्यालाच जोडता येते. मुंबईला जाणाऱ्या एकाने लॅमिंग्टन रोडवरून ते ट्यूनर कार्ड आणून दिलं. दूरदर्शनची फ्री डिश होतीच. तिला महिन्याचं भाडं नाही, हा तिचा आमच्या तालुक्यातला सगळ्यात मोठा कलात्मक गुण.

चित्र लागलं. सुंदर लागलं. निवेदिका बसलेली असेपर्यंत तर फारच सुंदर. तिने मान वळवली की तिच्या गालाला दाते फुटायचे, फणीचे असतात तसे. साडीचे बारीक काठ, तिने काहीही केलं नाही तरी, आपले आपणच थरथरायचे. पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकते ती सरकण्याऐवजी उचक्या देत जायची. आणि कबड्डी लागली की चढाई करणारा गडी मध्यरेषेपासून पुढे दोन जागी दिसायचा. त्यातला कुठला पकडायचा हे बचाव करणाऱ्यांना माहीत असावं, आम्हाला नव्हतं.

वाडीवर बातमी गेली: सरांच्या कॉम्प्युटरचं चित्र फडफडतंय. त्या संध्याकाळी ओटीवर जेवढी माणसं जमली तेवढी चित्र चांगलं असताना कधी जमली नव्हती. चांगल्या चित्रात करण्यासारखं काय असतं? बघायचं फक्त. बिघडलेल्या चित्राला मत देता येतं.

पहिलं मत अर्थात डिशवाल्याचं. तो जव्हारहून मोटारसायकलीवर आला, अंगणात गाडी लावतानाच पडद्याकडे दारातून एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, डिश हलली हाय." त्याला मी कधीही, कशासाठीही बोलावलं तरी त्याचं पहिलं वाक्य हेच असतं. एकदा रिमोटचे सेल संपले होते तेव्हाही डिशच हलली होती.

तो कौलांवर चढला. मग जे सुरू झालं ते महाराष्ट्रात टीव्ही आल्यापासून घराघरांत चाललेलं आहे. वर एक, दारात एक, पडद्यासमोर एक. वरचा विचारतो, "आला का?" दारातला आत विचारतो, "आला का?" आतला सांगतो, "आला... गेला... आला, आला, थांब!" जुन्या काळी ही यंत्रणा चोख चालायची, कारण अँटेना हलला की त्याच क्षणी चित्र हलायचं. डिजिटलमध्ये गोम अशी आहे की चित्र उशिरा येतं. ट्यूनर आधी लाट पकडतो, मग आकडे जुळवतो, मग अख्ख्या चित्राची वाट बघतो. कारण सगळी चित्रं पूर्ण पाठवलेलीच नसतात. एक पूर्ण येतं आणि पुढच्या बऱ्याच चित्रांत मागच्यापेक्षा काय बदललं तेवढंच कळवलेलं असतं. या सगळ्यात सेकंद-दोन सेकंद जातात. तेवढ्यात वरच्याने डिश पुढे सरकवलेली असते. आतून 'आला' असा आनंदाचा आवाज निघतो तो मागच्या जागेबद्दल असतो, आणि वरचा तो ऐकून या जागेवर नट आवळतो. मग 'गेला'. हे बराच वेळ चालतं, आणि यात कोणीही खोटं बोलत नसतं.

डिशला बिचारीला काही झालेलं नव्हतं. फ्री डिशचं चित्र येतं जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो २०१५च्या नोव्हेंबरात फ्रेंच गयानातून वर गेला, आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उभा आहे. आमच्या वाडीवरून बघितलं तर आग्नेयेला, मान चांगली ५७ अंश वर करून. इतका वर असल्यामुळे डोंगर मध्ये येत नाहीत, ही आमच्यावर त्याची मोठी कृपा. जुन्या अँटेनाचं चित्र प्रत्येक सुळक्याची परवानगी घेत घेत यायचं, हे वरून थेट अंगणात उतरतं. मात्र डिश एका अंशाने चुकली तर तिकडे वर नेम सहाशेच्या वर किलोमीटरने चुकतो, म्हणजे वावरला नेम धरून बाण नागपुरात. त्यामुळे डिश खरंच हलली असती तर चित्र फडफडलं नसतं, गेलंच असतं.

पावसाचंही तेच. या लाटांची लांबी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर. मोठे थेंब दाट पडायला लागले की त्यातच त्या शोषल्या जातात आणि विखुरतात. आमच्या घाटावर आषाढात पाऊस पडतो तेव्हा समोरचं आंब्याचं झाड दिसत नाही, तिथे उपग्रहाने काय दिसावं? पण पावसाची खूण वेगळी असते. चेहऱ्याचे चौकोन होतात, निवेदिकेचं कपाळ एका बाजूला आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला जाते, आवाज तुटतो, आणि मग सगळं थिजतं. आमचं चित्र भर उन्हात, न थिजता, आवाज खणखणीत ठेवून फडफडत होतं. हे मी डिशवाल्याला समजावून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "मग आतून हलली असंल."

दुसरं मत वायरमनचं. तो खाली वाकला, टेबलामागे गेला, टेस्टर लावला, आणि पाहणी संपवून उभा राहिला तो निकाल घेऊनच: "अर्थिंग मेलंय." अर्थिंग हा त्याच्या शास्त्राचा पाया आहे. घरात माणूस आजारी पडला तरी तो आधी अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघेल अशी मला शंका आहे. खड्ड्यात पाइप असतो, भोवती मीठ आणि कोळसा भरलेला असतो, आणि जमीन ओली असेल तर तो नीट काम करतो. हे खरं आहे. म्हणून वायरमनने उपाय सांगितला: रोज दोन बादल्या पाणी.

महिना वैशाखाचा होता.

आमच्याकडचं हे गणित बाहेरच्याला पटत नाही. पावसाळ्यात या दोन तालुक्यांत आभाळ फाटतं, आणि होळी झाली की विहिरींचे तळ दिसायला लागतात. मोखाड्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लावतात, आणि त्याच मोखाड्यात मध्य वैतरणेचं अवाढव्य धरण आहे, त्याचं पाणी मुंबई पिते. मुंबईची तक्रार नाही. तहान सगळ्यांनाच असते. पण वैशाखात, अंगणात, आईच्या देखत, मातीत दोन बादल्या पाणी ओतायला सांगणं याला धाडस लागतं, आणि वायरमनकडे ते होतं. आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे.

"टीव्हीला दोन बादल्या?"

"टीव्हीला नाही हो आजी, अर्थिंगला."

"तो कोण?"

मी मध्ये पडून समजावलं की ते सुरक्षेचं असतं, शॉक बसू नये म्हणून. आई म्हणाली, "मला तर आत्ताच बसला." आणि तिने बादली उचलून आत नेली. जाता जाता दारातल्या बल्बकडे बोट दाखवून म्हणाली, "विजेचा दोष असता तर हा पण नाचला असता. हा तर शांत आहे." त्या संध्याकाळपर्यंत झालेलं हे पहिलं शास्त्रशुद्ध निरीक्षण. विजेचा दाब खालीवर होत असेल तर तो एकट्या संगणकालाच कळतो आणि बल्बला कळत नाही, असं होत नाही. वायरमनला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते बल्ब 'सोसून घेत' होता.

तिसरं मत जव्हारच्या एका दुकानात, त्याबद्दल लांबड लावण्यासारखं काही नाही. संगणक जीपमधून मांडीवर घेऊन गेलो. दुकानातल्या मुलाने झाकण उघडलं, रॅम काढली, आणि शाळेतल्या पोरांचं असतं तसलं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर चोळलं. भारतातल्या संगणकदुरुस्तीत खोडरबराला जे स्थान आहे ते जगात दुसरीकडे नसावं. दातांवर चढलेलं किटण खोडरबराने निघतं आणि न सुरू होणारा संगणक सुरूही होतो. आमचा मात्र सुरू होताच. तरी कोणी मन लावून काही घासताना दिसलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मग तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." मी संगणक मांडीवर घेऊन परत आलो.

चौथं मत भाच्याचं. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो; नक्की काय ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार सांगता येतो. त्याला फोन करायचा तर टेकडीवर जावं लागतं आणि संगणक तर खाली. तेव्हा मी वर्गातल्या तपासून झालेल्या चाचणीच्या कागदांची पाठकोरी बाजू घेऊन वर जायचो, तो सांगेल ते लिहून घ्यायचो आणि खाली येऊन करायचो. खाली पडद्यावर तो म्हणाला त्याहून वेगळं काहीतरी उघडायचं. पुन्हा वर. जगात याला रिमोट सपोर्ट म्हणतात. आमच्याकडे तो गुडघ्यांवर चालतो.

पण एक मात्र कबूल करायला हवं, चौघांत रोगाचं नाव पहिल्यांदा घेतलं ते भाच्याने. "मामा, हे इंटरलेसिंग आहे."

गोष्ट अशी आहे. १९३०च्या आसपास टेलिव्हिजन घडवणाऱ्यांपुढे प्रश्न होता फडफडीचाच. सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवली तर हालचाल दिसते, पण पडदा डोळ्यांसमोर लवलवतो. पन्नास दाखवावीत तर लहरींत तेवढी जागा नाही. त्यांनी तोड काढली: चित्राच्या ओळी करा, आधी विषम ओळी पाठवा, मग सम. अर्धं चित्र, पुन्हा अर्धं चित्र, सेकंदाला पन्नास अर्धी. डोळा फसतो, फडफड थांबते, जागाही वाचते. आपल्या ६२५ ओळींच्या टीव्हीने हेच केलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हापासून आपण अर्धीच चित्रं बघत आलो आणि कोणाला कमी पडलं नाही. पुढे सगळं डिजिटल झालं, पण साध्या वाहिन्यांनी सम-विषमाची ही वाटणी सोडली नाही. पिक्चर ट्यूबला ती वाटणी जन्मापासून ठाऊक होती. संगणकाचा पडदा मात्र एका वेळी अख्खं चित्र मांडणारा. त्याने दोन अर्धी एकत्र शिवली. ती दोन वेगवेगळ्या क्षणांची, पन्नासाव्या भागाचं अंतर असलेली. तेवढ्यात निवेदिकेची मान वळलेली. म्हणून ते दाते. म्हणजे फडफड घालवायला काढलेली युक्तीच नव्वद वर्षांनी आमच्या टेबलावर फडफडत होती.

यावर उपाय असतो डीइंटरलेसिंग, आणि व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये त्याची यादी आहे. ही यादी मी पाठकोऱ्या कागदावर लिहून आणली: डिस्कार्ड, ब्लेंड, मीन, बॉब, लिनिअर, एक्स, याडिफ, याडिफ टू एक्स, आणखीही काही. आम्ही एकेक लावत गेलो. डिस्कार्ड अर्ध्या ओळी सरळ टाकून देतो. दाते गेले, पण त्याबरोबर निवेदिकेच्या कानातलेही गेले. ब्लेंड दोन्ही अर्धी कालवतो. धावणाऱ्या गड्याच्या मागे त्याचा पितर धावायला लागला. बॉब अर्ध्याच्या जागी अख्खं चित्र ताणतो आणि सम-विषमाच्या फरकाने ते एक ओळ वर, एक ओळ खाली करत राहतं. साडीचा काठ आता थरथरण्याऐवजी दोरीवरच्या उड्या मारू लागला. 'एक्स' काय करतो ते कागदावर मलाच वाचता आलं नाही. याडिफने मात्र चित्र एकदम शांत केलं. मान वळली, गाल गालासारखा राहिला. ओटीवरून 'आला, आला' असा जुना जयघोष झाला.

याडिफ टू एक्स आणखी चांगला म्हणून लावला, तर संगणकाचा पंखा असा काही घुमायला लागला की आईने भाताच्या गिरणीत पीठ कोण दळतंय म्हणून विचारलं. पुन्हा साधा याडिफ.

दाते गेले. पण तळाची बातमीपट्टी? ती अजून उचक्या देत होती.

इथे भाच्याचंही ज्ञान संपलं. तो म्हणाला, "ड्रायव्हर बदल, नाहीतर ग्राफिक्स कार्डच बदल." माणूस बदल म्हणायला लागला की समजावं, विद्या संपली. आणि मग पाचवं मत आलं ते कोणी मागितलेलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक काका आहेत, बोहाड्यात संबळ वाजवतात. ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: जव्हार-मोखाड्याच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाला देवांची, राक्षसांची मोठमोठी मुखवट्यांची सोंगं रात्रभर नाचत निघतात. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, भीम येतो. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाचा ठेका वेगळा, आणि संबळवाल्याला सोंग वळणावरून दिसायच्या आधी ठेका बदलावा लागतो. काका इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसले होते. त्यांना बातम्यांत रस नाही. वाचताही येत नाहीत, त्यामुळे पट्टीवर काय लिहिलंय याची त्यांना अडचण नव्हती. ते नुसतं पट्टीचं चालणं बघत होते. बघता बघता त्यांची दोन बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली, घाईच्या चालीत, न चुकता.

"हा नेमाने लंगडतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पाय मोडला असता तर कसाही लंगडला असता. नेमाने लंगडतो त्याच्या पायात दोन मापांच्या चपला असतात."

मी ते वाक्य ऐकलं आणि पाठकोरा कागद घेऊन आकडेमोडीला बसलो. काकांच्या चपला सापडल्या. एक पन्नासची, एक साठची.

आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. टीव्ही तिच्याच चालीवर बांधला गेला: पन्नास अर्धी, म्हणजे पंचवीस पूर्ण चित्रं. अमेरिकेत वीज साठच्या चालीची. आणि संगणकाचा पडदा वळणाने अमेरिकेचा. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणलं तेव्हापासून साठ हा त्याचा नेहमीचा वेग. आमच्या टेबलावरचा पडदा वावरची वीज खाऊन अमेरिकेच्या चालीने चालत होता. आता पंचवीस चित्रं साठ घरांत बसवायची तर प्रत्येकाला सारखी घरं मिळत नाहीत. एक चित्र दोनदा दाखवायचं, पुढचं दोनदा, पुढचं तीनदा, मग दोनदा, मग तीनदा. पाच चित्रांचे बारा ठोके, की पुन्हा पहिल्यापासून. कोणी गवई याला बारा मात्रांचं आवर्तन म्हणेल. बातमीपट्टी कोणाला दोन ठोके थांबते, कोणाला तीन, आणि ही गंमत सेकंदाला पाचदा होते. तीच काकांची बोटं टेबलावर वाजवत होती. ट्यूनर, तार, डिश, अर्थिंग, रॅमचे दात, सगळे निर्दोष.

आमच्या भागाला हे नवं नसावं. मोखाड्याहून घाट चढून गेलं की त्र्यंबक. दादासाहेब फाळके तिथले, १८७०चा जन्म. त्यांना चित्राची चाल हाताने सांभाळावी लागायची, कारण कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा असे. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळत सुटायची, हात घाईत फिरला की सुस्तावायची. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं. दिवसांची चाल मिनिटांच्या चालीत बसवली आणि पडद्यावर रोप झरझर उगवलं. आणि तेव्हाच्या प्रोजेक्टरलाही फडफड घालवायला एक चित्र पडद्यावरून हलायच्या आत तीनदा उजळावं लागायचं, पात्यांचं झाकण मध्ये फिरवून. म्हणजे एकेक चित्र किती ठोके धरायचं हा हिशेब घाटापलीकडच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हाताने केलेला. आम्हाला तो फक्त मेन्यूत शोधायचा होता.

मेन्यूत साठ होते आणि पन्नास लिहिता येत होतं. पन्नास दिले. पडदा काळा झाला आणि मधोमध अक्षरं आली: आउट ऑफ रेंज. ओटीवर कोणाला भाषांतराची गरज पडली नाही. 'रेंज नाय म्हणतोय' हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, आणि एक जण सवयीने म्हणालाही, "टेकडीवर न्या."

पण यादीत आणखी एक आकडा होता, पंचाहत्तर. पंचवीस त्रिक पंचाहत्तर. प्रत्येक चित्राला बरोबर तीन घरं. ना कोणाला दोन, ना कोणाला जास्त. हे वाटप दिसायला इतकं न्याय्य होतं की सरकारी योजनेत बसलं नसतं. पंचाहत्तर दिले. पडदा पुन्हा काळा झाला, परत उजळला, आणि संगणकाने विचारलं की हे ठेवायचं का. पंधरा सेकंदांत हो म्हणा, नाहीतर आहे ते परत करतो. आकडा उतरायला लागला: चौदा, तेरा, बारा. मी उंदीर हातात घेतला. डिशवाला वरून ओरडला, "आला का?" तो पुन्हा कौलांवर चढला होता, हे आम्ही सगळे विसरलो होतो. दारातल्याने आत विचारलं, "आला का?" मी 'हो' वर क्लिक करणार, एवढ्यात वीज गेली.

वीज रात्री जेवणं झाल्यावर आली. पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा पंचाहत्तर, या वेळी नऊवर असताना होकार दिला. पट्टी सरकायला लागली. खरोखर सरकायला लागली, तेलावरून गेल्यासारखी, एका कडेकडून दुसरीकडे, न अडखळता. काकांची बोटं टेबलावर थोडा वेळ वाट बघत राहिली, वाजवण्यासारखं काही मिळालं नाही, तेव्हा ते उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर श्रेय आधीच वाटलं गेलं होतं. डिशवाल्याच्या मते तो कौलांवरून उतरताना त्याचा पाय डिशला लागला, त्याने ती जागेवर आली. वायरमनने विचारलं की दोन बादल्या चालू ठेवल्यात ना, आणि मुलीने चक्क 'हो' सांगितलं. जव्हारच्या दुकानातला मुलगा म्हणाला की खोडरबराचा परिणाम दिसायला थोडा वेळ जातो. भाच्याला कळवायला टेकडीवर गेलो, तर तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना मामा, सेटिंगचंच असणार."

आता एकच राहिलंय. याडिफला ओळी जुळवायला जरा वेळ लागतो, त्यामुळे आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. निवेदिका 'नमस्कार' म्हणून मोकळी होते, मग तोंड उघडते. जव्हारला निरोप धाडलाय. डिशवाला उद्या येतो म्हणाला. काय झालं असेल ते त्याने फोनवरच सांगितलं.